दोन रेघा खाली

रविवारी सकाळी नागेशनं रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि गाल भलतीकडेच पडला. म्हणजे फार काही नव्हे. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता. पण नेम धरायच्या मागच्या बारीक भोकातून पुढचं कडं आपोआप मधोमध दिसायला हवं, ते दिसेना. मान ताणून डोळा वर न्यावा लागला. बायको झोपेत कुठल्या कुशीवर वळते हे नागेशला सांगता आलं नसतं, पण दस्त्यावरच्या या पट्टीवर आपल्या गालाचं हाड कुठं विसावतं हे तो अंधारातही सांगू शकला असता. त्यानं रायफल खिडकीशी नेली. गाल टेकवायची लाकडी पट्टी मापाच्या दोन रेघा खाली सरकलेली होती. स्क्रू परत नीट आवळलेला होता. ज्या कुणी हे केलं होतं त्यानं चोरासारखं घाईघाईत नव्हे, घरच्या माणसासारखं सवडीनं केलं होतं. पट्टी नाकाशी नेली तर खोबरेल तेलाचा वास आला. खाली सोसायटीच्या आवारात कुणीतरी गाडी धूत होतं, बारामतीच्या भिगवण रोडवरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली, आणि स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. सगळं रोजचंच होतं, एक ही पट्टी सोडून.

"पट्टी कुणी हलवली?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. आवाज चढवणं ही अडाण्यांची रीत, असं तो दुकानातल्या माणसांना सांगायचा. स्वतः तो आवाज उतरवायचा, आणि समोरचा कान देऊन ऐकायला लागला की मग सुई टोचायचा. मिक्सर थांबला. "मी हलवली," म्हाळसा आतून म्हणाली. "तुमची लई वर हुती. माझा डोळाच बसंना." पदराला हात पुसत ती बाहेर आली. तिच्या तोंडावर भीती नव्हती, आणि तेच त्याला आधी दिसलं. "परत जाग्यावर लावायची इसरले बघा. चुकलं माझं." चूक तिनं कबूल केली ती विसरण्याची, हात लावण्याची नव्हे. नागेशनं कवापासनं म्हणून विचारलं. दिवाळीपासनं, ती म्हणाली. तुमी दुकानात गेल्यावर, गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं, रेतीचं पोतं लावून. आधी सांगितलं नाही कारण जमतंय का ते बघावं म्हटलं. नसतं जमलं तर हसला असता तुमी. मग तिनं फ्रीजवरच्या टोपलीखालून एक कार्ड काढलं आणि पोह्यांची ताटली ठेवावी तसं त्याच्यासमोर ठेवलं. काळ्या गोलाच्या मधोमध एकच भोक होतं, कडा थोड्या कुरतडलेल्या. पाच छर्रे त्या एका भोकातून गेले होते. असं कार्ड नागेशच्या हातून उभ्या आयुष्यात एकदा झालं होतं, आणि ते त्यानं लॅमिनेट करून दुकानात लावलं होतं, वजनकाटे दुरुस्तीच्या परवान्याशेजारी. त्याला हेवा वाटला. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. बायकोचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून तिचा राग आला. तो म्हणाला, "बरं हाय की," आणि हसला. न हसता बसणं म्हणजे हार कबूल करणं झालं असतं.

ही रायफल त्यानं पुण्यातल्या एका मुलाकडून घेतली होती. मुलगा परदेशी शिकायला निघाला होता आणि त्याला ती विकायची घाई होती. जर्मन बनावटीची, दहा मीटरवर कागद भेदण्यापलीकडे कुठल्याच कामाची नाही. नागेशचा बाप भिमा, ज्यानं अर्धं आयुष्य मेंढरामागं इंदापूर तालुक्याच्या माळावर काढलं आणि उरलेलं कारखान्याच्या गेटवर, त्यानं ती हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली होती आणि विचारलं होतं, "हिनं पाखरू तर मरंल का रं?" मरणार नाही म्हटल्यावर त्यानं ती परत पेटीत ठेवली आणि नंतर तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही. नागेशला तेव्हा बापाची कीव आली होती. मारण्यासाठी नसलेली बंदूक बापाला समजणं शक्यच नव्हतं. छर्रा कागदावर नेमका कुठं जावा एवढ्यासाठीच केलेली ही वस्तू, तिच्यात एक स्क्रू सैल नको, एक कण ओल नको. दर आठवड्याला तो वर्तमानपत्र अंथरून बसायचा. नळीतून फेल्टचे बोळे ढकलायचा, पहिला काळा, दुसरा करडा, तिसरा पांढरा निघेपर्यंत. रबराच्या कड्यांना बोटाच्या टोकानं ग्रीस लावायचा. दस्त्याचे स्क्रू कधीच अंदाजानं आवळायचा नाही. नेमबाजीच्या रेंजवर सगळे आपापल्या रायफली घेऊन त्याच्याकडे यायचे, नागेशरावांचा हात लागला की रायफल सुधारते म्हणायचे, आणि या बोलण्यावर तो आठवडाभर जगायचा. त्याचे स्वतःचे गुण मात्र वर्षानुवर्षं जिथल्या तिथं होते. वीस वर्षं तबला जुळवून देणारा माणूस तबलजी होतोच असं नाही, हे त्याला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं एवढंच.

आणि हवा. या रायफलीचा जीव म्हणजे पोटातल्या नळकांड्यातली दाबून भरलेली हवा. ती भरायला मोठी टाकी आणावी तर पुण्याला जावं लागे, म्हणून त्यानं हातपंप घेतला होता. उभ्यानं, दोन्ही पाय पंपाच्या पायावर रोवून, सगळं अंग घालून दाबायचा पंप. दाबाच्या काट्याचा शेवटचा चतकोर चढवताना भलाभला माणूस घामानं निथळतो. नागेशचा उजवा खांदा दुखायचा, म्हणून पहिल्या वर्षापासून हवा म्हाळसा भरत आली होती. तो खुर्चीत बसून काट्याकडे बघायचा आणि म्हणायचा, हळू, थांब, पंप तापला, आता परत. एकदा रेंजवरचा एकजण घरी आला, तिला पंप मारताना बघून ओशाळला आणि म्हणाला, वहिनींना कशाला त्रास. नागेश म्हणाला होता, "ह्याला डोकं लागत न्हाय, नुसतं वजन लागतं." म्हाळसा हसली होती. ते हसणं आता त्याला पुन्हा आठवलं आणि आवडलं नाही. इतकी वर्षं पंप दाबून दाबून हिचे खांदे आणि पाठ दगडासारखी स्थिर झाली असणार, आणि त्याला ते कळलं नव्हतं. त्यानं स्वतःच तिला घडवलं होतं, खुर्चीत बसून. या विचारानं खरं तर अभिमान वाटायला हवा होता.

ती कळंबची. लग्नाआधी ज्वारीच्या माळ्यावर राखणीला असायची आणि गोफणीनं पाखरं उडवायची, हे त्यानं बघायला गेला तेव्हाच ऐकलं होतं, आणि ते त्याला गमतीचं वाटलं होतं. त्याला स्वतःला गोफण कधी जमली नाही. बाप शिकवायला बघायचा. नागेशचा दगड मागं जायचा आणि चुलतभाऊ जमिनीवर लोळून हसायचे. दहा मीटरवरच्या कागदापाशी येईपर्यंत तो ते हसणं विसरला होता, असं त्याला वाटत होतं. आता गच्चीवरच्या टाकीमागून ते पुन्हा ऐकू येत होतं. त्यानं त्यावर एक उपाय काढला. गच्चीवर कुणीही मारेल. रेंजवर चार माणसांत, जड जाकीट घालून, घड्याळ चालू असताना मारून दाखवावं. पुढच्या रविवारी तो तिला मोठ्या मनानं रेंजवर घेऊन गेला. त्याच्या जाकिटाच्या बाह्या दुमडून ती उभी राहिली तेव्हा दोघंतिघं गालात हसले. दहाव्या कार्डानंतर कुणी हसत नव्हतं. फौजेतून निवृत्त होऊन इथं शिकवणारे रविराज सर तिच्या मागं येऊन उभे राहिले. "वहिनी, आधी कुठं शिकलात?"

"राखणीला हुते, सर. माळ्यावर."

"आणि ट्रिगर? हे बोट थांबवायचं कुणी शिकवलं?"

"ह्यांनीच. रेंजवरनं आलं की ह्ये सृष्टीला सांगायचे, ती ऐकत नव्हती, मी ऐकायची." सृष्टी म्हणजे त्यांची मुलगी, पुण्याला हॉस्टेलवर असलेली. म्हाळसेला अजून काही सांगायचं होतं आणि ते कसं सांगावं कळत नव्हतं. "आदी बोट मऊ सरकतं. मग भिंत लागती. त्या भिंतीशी थांबलं का नाय सर, लई शांत वाटतं बघा. तितं कुनीच नसतं." कुणीतरी म्हणालं, नागेशराव, रायफल काय जुळवून ठेवलीय तुम्ही. नागेशला बरं वाटलं. श्रेय फिरून आपल्या दारी आलं, आणि तो ते नम्रपणे नाकारायला तोंड उघडणार, तेवढ्यात रविराज सर कार्डांवरून नजर न काढता म्हणाले, "रायफल उत्तमच आहे. पण रायफल इतकी वर्षं इथंच होती." त्यांना टोचून बोलायचं नव्हतं. साध्या माणसाच्या तोंडून असं वाक्य निघतं तेव्हा ते जास्त खोल जातं. नागेश सगळ्यांबरोबर हसला. घरी येताना त्याच्या मनात मात्र त्या वाक्यापेक्षा तिचंच बोलणं घोळत राहिलं. ट्रिगर सुटण्याआधी बोट जिथं अडतं त्या भिंतीशी तोही रोज थांबत होता. तिथं त्याला कधीच शांत वाटलं नव्हतं. तिथं सगळे असायचे. बाप, चुलतभाऊ, मागं उभे असलेले लोक, लॅमिनेट केलेलं कार्ड. त्याच्याच रायफलीत अशी एक रिकामी खोली होती आणि ती त्याच्या बायकोला सापडली होती.

मग नोकरीचं निघालं. इंदापूरकडच्या एका शाळेत मुलींसाठी रेंज होत होती आणि शिकवायला बाई हवी होती. शाळेच्या कमिटीवरचे दादासो रविराज सरांच्या ओळखीचे. दादासोंची एकच अट होती, बाई नुसती हौशी नको. इंदापूरच्या खुल्या स्पर्धेत सहाशेपैकी पाचशे ऐंशी गुण पाडून दाखवावेत, मग ऑर्डर देतो. म्हाळसा दहावी शिकलेली. लग्नापासून आजवर तिला कुणी, किती भाकरी टाकल्यास, याच्यापलीकडे हिशेबाचं काही विचारलं नव्हतं. ती चार दिवस नुसती घरात फिरत राहिली. पोळी करपली, दूध उतू गेलं. सृष्टीनं फोनवर आईला मॅडम म्हणून हाक मारली तेव्हा तिनं फोन कानापासून दूर धरला आणि डोळे पुसले. "मला ही नोकरी पायजे," ती त्या संध्याकाळी नागेशला म्हणाली. इतकं सरळ तिनं काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. "दुसरं काय नगं मला आता. ह्ये पायजे." तो म्हणाला, "मग माझीच रायफल घेऊन जा की. मी लावून देतो तुला." रेंजवर ही बातमी पसरली आणि सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. स्वतःची रायफल बायकोला देणारा माणूस विरळा. नागेशनं ते कौतुक संकोचानं, मान खाली घालून घेतलं आणि मनापासून उपभोगलं. पट्टी त्यानं स्वतःच्या हातानं दोन रेघा खाली घेतली. म्हाळसेनं गाल टेकवला. त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर तो गाल दाबला गेला, कानाजवळची बारीक लव त्याला दिसली, आणि क्षणभर त्याला वाटलं की हात पुढं करून तिथं बोट टेकवावं. "अजून एक केसभर खाली," म्हाळसा डोळा न काढता म्हणाली. त्याच्याच रायफलीबद्दल त्याला हुकूम सोडला गेला होता. त्यानं पट्टी केसभर खाली घेतली, आणि हात परत खिशात घातला.

वजनकाट्यांच्या धंद्यात नागेशनं एक गोष्ट शिकून ठेवली होती. सांगवीच्या बाजारात एकदा तो एका व्यापाऱ्याचा काटा बघायला गेला होता. काटा थोडा खोटा होता, कुणाला कळणार नाही इतका. समोर एक म्हातारी पेरू घालत होती. तिच्या हिशेबानं पाटी भरली होती, काट्याच्या हिशेबानं भरत नव्हती. ती आणखी पेरू टाकत गेली, आणि शेवटी पेरूवरच चिडली. "औंदा मालच पोकळ हाय," म्हणाली. तेव्हापासून त्याला माहीत होतं की माणूस काट्यावर शंका घेत नाही, आपल्या मालावर घेतो. गरीब असेल तर अधिकच. त्यानं तो काटा नंतर दुरुस्त केला होता, इमानदारीत. पण म्हातारीला हाक मारून सांगितलं नव्हतं. सांगून काय झालं असतं? तिचे पेरू गेले होते आणि त्याला गंमत वाटली होती. ती गंमत किती साधी आणि किती पूर्ण होती, हे त्याला आता स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी, वर्तमानपत्र अंथरून बसल्यावर आठवलं.

रायफल त्यानं इतकी मन लावून कधी साफ केली नव्हती. बोळा पांढरा निघाला तरी आणखी एक घातला. सगळी रबरी कडी नवीन घातली. साईट पुसली, दस्त्याला तेलाचं फडकं मारलं. म्हाळसा समोर बसून बघत होती, मुलाला आंघोळ घालताना आई बघते तशी. "थोडं पाणी आण," तो म्हणाला. ती उठली. ट्रिगरच्या पुढं दोन बारीक स्क्रू असतात. एक बोटाच्या मऊ सरकण्याचा, दुसरा पुढच्या भिंतीचा. नागेशनं ॲलन की लावली आणि दोन्ही फिरवले. एवढंच. त्याच्या कपाळावर घाम नव्हता, आणि नंतर त्याला वाटलं की निदान थोडा घाम यायला हवा होता. ती पाणी घेऊन आली तेव्हा तो पेटी बंद करत होता. "एकदा छर्र्याबिगर कोरडं दाबून बघू का?" तिनं विचारलं. "नको," तो म्हणाला. "सर्व्हिसिंगनंतर रायफल एक रात्र ठेवायची असते. कडी बसतात. आता उद्या लाईनवरच हात लावायचा." असा कुठलाही नियम नव्हता. त्याच्या घरात रायफलीबद्दलचे नियम तोच करायचा, आणि इतकी वर्षं ते पाळले गेले होते. म्हाळसेनं पेटीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि भाकरी करायला गेली.

इंदापूरला शाळेच्या हॉलमध्ये लाईन आखलेल्या होत्या. रविराज सर त्या दिवशी पंच होते, त्यांना कुणा स्पर्धकाशी बोलायची मुभा नव्हती. प्रेक्षक दोरीमागं. म्हाळसा आता स्वतःच्या मापाच्या जाकिटात होती. ते रेंजवरच्या बायकांनी मिळून कुठून तरी आणून दिलं होतं. सरावाचे छर्रे सुरू झाले. तिनं रायफल उचलली, गाल ठेवला, सगळं अंग स्थिर झालं. नागेशला तिची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीला तो ओळखत होता. मग छर्रा सुटला, ती तयार नसतानाच. दोरीवरून कार्ड सरकत तिच्याकडे आलं. छर्रा काळ्याच्या बाहेर, पांढऱ्यात गेला होता. तिनं दुसरा भरला. तोही तसाच. तिनं रायफल स्टँडवर ठेवली, बोटाकडे पाहिलं, बोट दोनदा चोळलं. आपला मालच पोकळ, असं तिला वाटत असणार, आणि नागेशला ती सांगवीची गंमत अंगभर पुन्हा जाणवली. पण मग ती मागं वळली. दोरीमागच्या माणसांत तिनं त्याला शोधलं आणि तर्जनी हवेत वाकवून दाखवली, भुवया उंचावल्या: भिंत लागंना. ॲलन की त्याच्या पँटच्या खिशात होती. वेळ भरपूर होता. पंचाला सांगून पाच मिनिटांत ते नीट करता आलं असतं. त्यानं तळवा दाखवला. ठीक आहे, मार तू. आणि हसला, धीर द्यावा तसा. म्हाळसा त्याच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग तिनं पाठ फिरवली.

त्यानंतर तिनं जे केलं ते नागेशला नीट बघवलं नाही. ती बोट ट्रिगरपासून दूर हवेत धरायची, कडं काळ्यावर बसेपर्यंत थांबायची आणि मग नुसतं टेकवायची. कधी दहा लागायचा, कधी सात. श्वास, पाय, खांदे, सगळं नव्यानं त्या एका टेकण्याभोवती बसवत ती पुढं जात होती, एक तक्रार न करता. दुसऱ्या अर्ध्यात तिची कार्डं इतकी सुधारली की नागेश मनात गुण जोडू लागला. ही आता गाठते की काय. त्यानं देवाचं नाव घेतलं. कुणाच्या बाजूनं घेतलं हे देवाला कळलं असेल. सहा गुणांनी तिचं हुकलं.

रविराज सर लाईन ओलांडून आले. पहिली कार्डं त्यांच्या हातात होती. "हे तुमचं मारणं नाही, वहिनी," म्हणत त्यांनी रायफल उचलली, रिकामी असल्याची खात्री केली, बोट नेलं. टक्. ते दचकले. पुन्हा केलं, पुन्हा टक्. "नागेशराव, हे काय? नुसतं बोट लागलं की सुटतंय. पहिला टप्पाच नाही." दादासो शेजारी येऊन उभे होते. नागेशनं उत्तराची तयारी केलेली नव्हती, पण उत्तर तयार होतं. "तिलाच हलका पायजे हुता," तो म्हणाला. "मी नगं म्हनलं हुतं." स्वतःच्या आवाजातला तो समंजस खेद त्याला फार चांगला वाटला. सगळे म्हाळसेकडे वळले. ती जाकिटाचे पट्टे सोडत होती. एक पट्टा सुटला, दुसऱ्याशी तिचा हात थांबला. ती नाही म्हणाली असती तर संपलंच होतं. नागेशनं तेवढ्या वेळात मनातल्या मनात बारामतीतल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाचं तोंड पाहून घेतलं. तिनं वर पाहिलं, रविराज सरांकडे नव्हे, दादासोंकडे नव्हे.

"व्हय," ती म्हणाली. "मीच सांगितलं हुतं."

दादासोंनी रविराज सरांना बाजूला घेतलं, पण फार बाजूला नाही. स्वतःचा ट्रिगर स्वतःला कळत नाही, मग पोरींना काय शिकवणार ह्या, एवढं सगळ्यांना ऐकू आलं. सहा गुणांचं एकवेळ बघितलं असतं, असंही ते म्हणाले. रविराज सरांनी रायफल म्हाळसेच्या हातात न देता नागेशच्या हातात दिली.

परतीच्या रस्त्यावर कळंबचा फाटा आला आणि गेला. तिनं गाडी थांबवायला सांगितलं नाही. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती आणि नागेशच्या मनात सुटकेचा आनंद हळूहळू मावळत होता. तिला कळलं होतं. कळलं नसतं तर ती म्हणाली असती, मी कुठं सांगितलं, भाबडेपणानं, चारचौघांत. तळव्याच्या त्या खुणेपाशीच तिला कळलं होतं, आणि कळल्यावर तिनं सगळी स्पर्धा पुरी केली होती, आणि वर त्याचं झाकलं होतं. का झाकलं? भिऊन, त्यानं ठरवलं. याच गाडीत बसून याच घरी यायचं होतं, दुसरं काय करेल. बाई भिते हे कळल्यावर माणसाला तिच्याशी चांगलं वागता येतं. "पुढच्या वर्षी बघू परत," तो म्हणाला. "चहा घेतीस का?" तिनं घेतला. दुसरीकडे बघत, फुंकर घालून, सगळा संपवला. "दर रविवारी मी बी येनार तुमच्या संगं," कप ठेवत ती म्हणाली. "मारायला न्हाय. तुमच्या पाठीमागं बसंन." कशाला, म्हणून त्यानं विचारलं. "बघायला," ती म्हणाली. नको म्हणायला त्याला कारण सापडलं नाही. जे होतं ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

आठवड्यात नागेशनं सगळं पूर्ववत केलं. ट्रिगरचे दोन्ही स्क्रू जागेवर आणले, वजन टांगून तपासले, पट्टी आपल्या रेघेवर घेतली. रविवारी ती खरंच आली. प्लॅस्टिकची खुर्ची ओढून त्याच्या मागं बसली, तिथल्या बायकांना डब्यातली चटणी दिली, त्यांचं सांत्वन शांतपणे ऐकून घेतलं, व्हय बाई, माझंच चुकलं, असं दोनदा म्हणाली. नागेशनं छर्रा भरला. रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला. गाल जिथल्या तिथं पडला, कडं मधोमध दिसलं. त्यानं श्वास घेतला. त्याच वेळी मागून तिचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, अगदी प्रेमळ.

"मारा निवांत. रायफल नीट हाय. सकाळी तुमी आंघुळीला गेल्यावर मीच सगळी बघून ठिवलीय."

काय बघितलं? कुठला स्क्रू? तिला स्क्रू कळतात? पट्टी जागेवर होती, हवेचा काटा भरलेला होता, वरून सगळं ठीक दिसत होतं. स्पर्धेच्या त्या दिवशीही वरून सगळं ठीक दिसत होतं. कदाचित तिनं हातही लावला नसेल. मागं वळून विचारायचं तर, रायफलीशी घरचं माणूस असं काही करू शकतं हे आपल्याला कसं सुचलं, ते सगळ्यांदेखत सांगावं लागलं असतं. पेटीतल्या ॲलन कीकडे हात नेला असता तर रविराज सरांनी पाहिलं असतं. त्याचे दंड भरून आले, कडं काळ्यावरून खाली सरकलं, पुन्हा वर आलं. शेजारच्या लाईनीतले दोघं आपलं मारणं थांबवून त्याच्याकडे बघू लागले.

"नागेशराव, वेळ चालू आहे," रविराज सर म्हणाले.

नागेशनं बोट ट्रिगरजवळ नेलं. ते टेकवायचं धाडस त्याला होईना.